एका चालीची दोन नावे

२७ मे १९८२ रोजी, दक्षिण अटलांटिक महासागरातील फॉकलंड बेटांवर, सान कार्लोसच्या खाडीकाठावरून ब्रिटनच्या दोन पलटणी पूर्वेच्या रोखाने पायी निघाल्या. त्यांना हेलिकॉप्टरांनी पुढे नेण्याची मूळ तजवीज होती. परंतु दोनच दिवसांपूर्वी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे मालवाहू जहाज अर्जेंटिनाच्या क्षेपणास्त्रांनी पेटले आणि त्याच्या पोटातली तीन मोठी चिनूक हेलिकॉप्टरे त्याच्याबरोबरच गेली, तेव्हा दारूगोळा, शिधा, अंथरूण-पांघरूण आणि हत्यारे पाठीवर लादून दलदल आणि दगडधोंडे तुडवीत राजधानी स्टॅन्लेच्या दिशेने चालत सुटणे, एवढाच मार्ग उरला. या दोन पलटणींपैकी एक होती रॉयल मरीन्सची ४५ कमांडो, हिरव्या टोपीची. दुसरी पॅराशूट रेजिमेंटची तिसरी बटालियन, किरमिजी टोपीची. ४५ कमांडोने तीन दिवसांत ५६ मैल, म्हणजे सुमारे ९० किलोमीटर अंतर, पाठीवर कमीअधिक ८० पौंडांचे ओझे घेऊन तोडले, आणि पॅरांनीही त्याच थंडीत, तशाच ओझ्याखाली वाकून तीच दिशा धरली. ऋतू एक, चिखल एक, शत्रू एक आणि ज्या ब्रिगेडच्या हुकुमाने ते चालले होते ती ब्रिगेडही एकच. असे असूनही हिरव्या टोपीवाल्यांनी त्या चालण्याला ‘यॉम्प’ म्हटले आणि किरमिजी टोपीवाल्यांनी ‘टॅब’. आणि आज चाळीसहून अधिक वर्षे लोटल्यावरही जुन्या पॅराला आपल्या चालीस पहिला शब्द लावलेला खपत नाही, आणि जुन्या मरीनला दुसरा.

या दोघांत अधिक कणखर कोण, हा प्रश्न ब्रिटनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बराकींत, मद्यगृहांत आणि निवृत्त शिपायांच्या बैठकींत घोळला गेला आहे, आणि अलीकडे इंग्रजी चित्रपट पाहून व लष्करी आठवणींची पुस्तके वाचून वाढलेले आपल्याकडचे तरुणही तो मोठ्या हिरिरीने चर्चिताना दिसतात. हा वाद मी क्षुल्लक मानीत नाही. मराठीत चुरस, ईर्षा, मत्सर आणि तुच्छता हे चार शब्द एकाच आळीत राहत असले तरी एका घरात राहत नाहीत. चुरशीला समोर तोलामोलाचा गडी लागतो, आणि तो जितका बळकट तितकी चुरस अधिक रंगते. तुच्छतेला मात्र समोरचा मुळात गडी म्हणूनच मान्य नसतो. दोन टोप्यांमधली चुरस हे सैन्याचे धन आहे असे माझे मत आहे; परंतु त्या चुरशीची परिणती जेव्हा टोपी नसलेल्या माणसाविषयीच्या तुच्छतेत होऊ लागते, तेव्हा तिला वेळीच आवर घालणे हे राज्यकर्त्यांचे आणि सेनापतींचे कर्तव्य ठरते, आणि हे कर्तव्य बजावण्यात ब्रिटनचे कारभारी एकदा नव्हे, अनेकदा उणे पडले आहेत.

प्रथम या दोघांची कुळकथा पाहावी, कारण ती बहुतेक वादपटूंना ठाऊक नसते. १९४० च्या जूनमध्ये, फ्रान्स कोसळून ब्रिटिश फौज डंकर्कहून कशीबशी मायदेशी परतल्यावर, पंतप्रधान चर्चिल यांनी एकीकडे शत्रूच्या किनाऱ्यावर अचानक घाला घालणाऱ्या पथकांची उभारणी करविली आणि दुसरीकडे निदान ५,००० छत्रीधारी सैनिक तयार करण्याचे फर्मान काढले. ती पथके म्हणजे कमांडो, आणि ती आरंभी सर्वस्वी भूसेनेची होती. रॉयल मरीन्सचे कमांडो १९४२ साली निघाले आणि युद्ध संपल्यावर भूसेनेची कमांडो पथके मोडण्यात आली तेव्हाच हिरव्या टोपीचा वारसा एकट्या मरीन्सकडे आला. याहून मौजेची गोष्ट अशी की, छत्रीधारी सैनिकांची पहिली पलटण उभी करायची वेळ आली तेव्हा माणसे घेतली गेली ती दोन नंबरच्या कमांडोतून. तिचेच नाव बदलत बदलत पहिली पॅराशूट बटालियन झाले. म्हणजे आज हिरव्या टोपीकडे नाक मुरडणारी किरमिजी टोपी त्याच घरच्या सुतातून विणलेली आहे. भावकीतले भांडण सर्वांत तिखट असते, हे आपल्या खेड्यापाड्यांतल्या बांधावरच्या दाव्यांवरून आपणास निराळे सांगावयास नको.

दोघांनीही आपापली बिरुदे रक्ताने मिळविली आहेत. १९४२ च्या फेब्रुवारीत मेजर जॉन फ्रॉस्ट यांच्या छत्रीधारी सैनिकांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्रुनव्हाल येथे रात्री उतरून जर्मन रडारचे सुटे भाग काढून आणले. त्याच वर्षीच्या मार्चअखेर कमांडो आणि नौसैनिक मिळून सहाशेंवर माणसे सेंट नाझेरच्या गोदीवर चालून गेली, ‘कॅम्बलटाउन’ ही स्फोटकांनी भरलेली जुनी विनाशिका त्यांनी गोदीच्या दारावर आदळविली, १६९ जण मारले गेले, दोनशेंवर कैद झाले आणि त्या एका रात्रीबद्दल ५ व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. १९४४ च्या सप्टेंबरात अर्नहेमला तेच फ्रॉस्ट, आता लेफ्टनंट कर्नल, मूठभर माणसांनिशी ऱ्हाईनवरच्या पुलाचे एक टोक धरून बसले. सुमारे १०,००० माणसांची डिव्हिजन गेली आणि परत आली ती दोन हजारांच्या आसपास. या नोंदी पाहून डावे-उजवे करावयास बसणे म्हणजे दोन चितांच्या ज्वाळा मोजण्यासारखे आहे.

परंतु कणखरपणा रणांगणापूर्वी शिक्षणशाळेत घडविला जातो, आणि तेथे या दोन घरांच्या स्वभावांतील भेद फार बोलका आहे. डेव्हन परगण्यात, एक्स नदीच्या रुंद मुखाशी, लिम्प्स्टन नावाच्या गावी रॉयल मरीन्सची शाळा आहे. तेथला उमेदवार महिनोन्‌महिने रगडला गेल्यावर शेवटच्या आठवड्यांत ९ मैलांची शीघ्र कूच ९० मिनिटांत करतो आणि अखेर डार्टमूरच्या ओसाड माळावरून ३० मैल ८ तासांत कापतो. अधिकारी व्हावयाचे असेल त्याला एक तास कमी मिळतो, आणि हा कमी मिळालेला एक तास मला त्या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत न्याय्य नियम वाटतो. जवळच्याच वुडबरी माळावर भुयारे, डबकी आणि ओढे यांनी भरलेली एक वाट आहे. तिच्यातले एक भुयार पाण्याने तुडुंब भरलेले असते. गारठलेला मुलगा त्याच्या तोंडाशी छाती भरून श्वास घेतो आणि डोके पाण्याखाली घालतो. मागचा सोबती त्याचे पाय धरून त्याला आत ढकलतो, आत काळोख, कानांत पाणी आणि काँक्रीटचा घासता स्पर्श. आणि पलीकडच्या तोंडाशी उभा असलेला दुसरा सोबती चाचपडत त्याच्या खांद्याचा पट्टा धरून त्याला ओढून बाहेर काढतो. एकट्याने ते भुयार ओलांडावे अशी अपेक्षाच नसते. बाहेर आलेला मुलगा मग वळून उभा राहतो, कारण आता पुढच्याला ओढण्याची पाळी त्याची असते. तसाच ओलाचिंब होऊन चार मैल धावत तळावर परतावयाचे आणि धापा टाकीत, चिखलाने भरलेल्या बंदुकीने दहापैकी सहा गोळ्या निशाणावर मारावयाच्या. ते निशाण चुकले तर आधीचे सारे धावणे फुकट.

यॉर्कशायरमधील कॅटरिक येथे पॅराशूट रेजिमेंटची जी निवडचाचणी होते तिला ‘पी कंपनी’ म्हणतात. तेथेही कुचा आहेत, ३५ पौंड पाठीवर घेऊन १० मैल १ तास ५० मिनिटांत जाणे आहे, सुमारे ५५ फूट उंचीवरच्या दोन समांतर नळ्यांवरून पाय सरकवीत जाणे आहे. हे शेवटचे एवढ्यासाठी की, विमानाच्या दारातून उडी मारण्याचा हुकूम झाल्यावर हा माणूस क्षणभरही अडेल की काय हे जमिनीवरच समजावे. पण ज्या एका चाचणीमुळे ती शाळा प्रसिद्ध आहे तिला ‘मिलिंग’ म्हणतात. साधारण सारख्या वजनाच्या दोन उमेदवारांना हातमोजे आणि शिरस्त्राण घालून समोरासमोर उभे करतात आणि एक मिनिट, फक्त एक मिनिट, परस्परांच्या डोक्यावर ठोसे मारावयास सांगतात. चुकविणे नाही, आडवणे नाही, मागे हटणे नाही. जिंकला कोण हे पाहिले जात नाही. मार खात असता माणूस पुढे सरकत राहिला की नाही एवढे पाहिले जाते. काल रात्री ज्याच्याशेजारी झोपलो त्याच्या नाकातून रक्त येत आहे हे दिसत असून हात न थांबविणे, हे शिक्षण ऐकूनही अंगावर काटा येतो. आणि तरीसुद्धा, रात्री एकट्याने आकाशातून शत्रूच्या मुलखात पडून, ज्याचे सोबती चहूकडे विखुरले आहेत आणि ज्याला पाठीमागे सरकावयास जागाच नाही अशा माणसाला हेच शिकविले पाहिजे, असे त्या शाळेने ठरविले असेल तर तिचा युक्तिवाद मला खोडता येत नाही. शिवाय त्याच शाळेत १७५ पौंडांची डोली आळीपाळीने खांद्यावर घेऊन सोळा जणांनी पाच मैल पळावयाचेही असते, हे मिलिंगवर बोट ठेवणारे बहुधा विसरतात.

मरीन्स आपल्या शिपायापासून चार गुणांची अपेक्षा करतात: धैर्य, निर्धार, निःस्वार्थता आणि संकटातही टिकणारी प्रसन्नता. पहिले तीन गुण कोणत्याही सैन्याच्या सनदेत सापडतील. चौथा गुण मात्र लेखी घालून देण्याचे धाडस ज्यांनी केले त्यांना माणसाच्या मनाचे उत्तम ज्ञान होते असे मला वाटते, कारण चार दिवसांच्या ओल्या मोज्यांत पाय सडू लागले असता आणि चहाला आधण आणण्यापुरतेही सरपण नसता जो मनुष्य शेजाऱ्याला हसवू शकतो, तो आपल्या तुकडीला जेवढे बळ देतो तेवढे कोणतेही शस्त्र देत नाही. या एका कलमासाठी, मला कोणी कौल मागितलाच तर, मी हिरव्या टोपीच्या बाजूने देईन.

परस्परांना ठेवलेली नावे हा या चुरशीचा खेळीमेळीचा भाग. मरीन हा ‘बूटनेक’, कारण जुन्या काळी त्याच्या गळ्याला चामड्याची पट्टी असे. पॅरांच्या तोंडी मरीन म्हणजे हिरव्या डोक्याचा कोबीचा गड्डा, आणि मरीनच्या तोंडी पॅरा म्हणजे चेरीचे फळ. पण पॅरांचा आणखी एक शब्द आहे, ‘क्रॅप-हॅट’, म्हणजे भिकार टोपीवाला, आणि तो मरीनपुरता राहत नाही. जो जो पॅरा नाही तो तो शिपाई, मग तो तोफखान्याचा असो की रसदखात्याचा, या एका शब्दात कोंबला जातो. येथे चुरशीचा उंबरठा ओलांडला जातो. ज्याच्या गाडीतून आपला शिधा यावयाचा आहे आणि ज्याच्या तोफेने आपल्यापुढची खंदकरेषा फोडावयाची आहे, त्याला हिणविण्याची सवय अठराव्या वर्षी मुलाच्या जिभेला लागू देणे शहाणपणाचे नाही.

कारण खुद्द फॉकलंडच्या युद्धाने काय दाखविले ते पाहा. २८ मे रोजी गूझ ग्रीनला दुसऱ्या पॅरा पलटणीने लढाई दिली, तिचे कर्नल एच. जोन्स खंदकावर चालून जाताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या पाठीशी ज्या तीन तोफा होत्या त्या हिरव्या टोपीच्या कमांडो तोफखान्याच्या होत्या, आणि जखमी कर्नलला उचलून आणण्यासाठी जी हेलिकॉप्टरे पुढे झेपावली त्यांपैकी एक अर्जेंटिनाच्या विमानाने पाडले, त्याचा मारला गेलेला वैमानिक रॉयल मरीन्सचा लेफ्टनंट होता. ११ जूनच्या रात्री स्टॅन्लेभोवतीच्या तीन डोंगरांवर एकाच वेळी हल्ले झाले: माउंट लाँगडनवर तिसरी पॅरा, टू सिस्टर्सवर ४५ कमांडो आणि माउंट हॅरिएटवर ४२ कमांडो. लाँगडनवर आणि त्यानंतरच्या तोफांच्या भडिमारात वीसहून अधिक माणसे गेली, सार्जंट इयन मके यांनी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, आणि जखमींच्या डोल्या वाहणाऱ्यांत त्याच पलटणीचे आचारी आणि कारकून होते. हॅरिएटवर मरीन्सनी सुरुंग पेरलेल्या माळाला लांबचा वळसा घालून शत्रूला पाठीमागून गाठले, तीनशेंवर कैदी धरले आणि स्वतःची दोन माणसे गमावली. किती शवे उचलावी लागली या मापाने कणखरपणा मोजणारे लोक लाँगडनचे नाव पुढे करतात आणि हॅरिएटला सोपी लढाई म्हणतात. मला हे माप अमानुष वाटते. दोन प्रेतांत ज्या सेनापतीने डोंगर घेतला त्याची माणसे कमी कणखर कशी ठरतात? सुरुंगांतून रात्री निःशब्द चालण्यास छाती लागत नाही काय?

त्याच युद्धात एस.ए.एस. आणि एस.बी.एस. या दोन गुप्त पथकांतील, म्हणजे निवडलेल्यांतूनही निवडलेल्यांतील, एक प्रसंग घडला. जूनच्या आरंभी एका पथकाची गस्त ठरवून दिलेली हद्द चुकून दुसऱ्याच्या टापूत शिरली आणि एस.ए.एस.च्या गोळ्यांनी एस.बी.एस.चा एक सार्जंट मारला गेला. तो कोणाच्या द्वेषाचा बळी नव्हता. अंधार, चुकलेली वाट आणि परस्परांच्या हालचालींची अपुरी खबर यांनी त्याचा जीव घेतला. पण आपली मसलत दुसऱ्यापासून राखून ठेवण्यात भूषण मानणाऱ्या पथकांना एकाच माळावर सोडताना हद्दींचा कागद किती काटेकोर असावा लागतो, याचा हा रक्ताने लिहिलेला दाखला आहे.

आता चुरशीची जी काळी बाजू मी वर म्हटली तिच्याकडे येतो. ३० जानेवारी १९७२ रोजी उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चाच्या वेळी पहिल्या पॅरा पलटणीने निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. १३ माणसे त्याच दिवशी गेली आणि एक मागाहून. घाईघाईने केलेल्या पहिल्या चौकशीने शिपायांची पाठराखण केली, आणि मेलेल्यांच्या आयाबहिणींना सत्य दप्तरी रुजू होण्यासाठी २०१० च्या जूनपर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे वाट पाहावी लागली, तेव्हा सॅव्हिल आयोगाचा अहवाल आला आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी पार्लमेंटात देशाच्या वतीने माफी मागितली. मार खात असताना पुढेच सरकत राहण्याची ज्याला तालीम दिली, तो माणूस शहरातल्या गल्लीत नागरिकांच्या जमावापुढे उभा करण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांचा अपराध मला बंदूक चालविणाऱ्याच्या अपराधाहून लहान वाटत नाही. आणि हिरव्या टोपीलाही येथे मान वर करून बोलता येणार नाही: २०११ साली अफगाणिस्तानातील हेल्मंड प्रांतात जखमी होऊन पडलेल्या बंडखोराला गोळी घालणारा सार्जंट रॉयल मरीन्सचा होता. लष्करी न्यायालयाने त्यास खुनाबद्दल दोषी धरले. पुढे त्याची मानसिक अवस्था ध्यानात घेऊन अपिलात तो गुन्हा सदोष मनुष्यवधाचा ठरला.

कणखरपणाच्या पूजेला आपलीच मुलेही बळी पडतात. १३ जुलै २०१३ रोजी वेल्समधील ब्रेकन बीकन्सच्या डोंगरांत एस.ए.एस.च्या राखीव दलाची निवडचाचणी होती. कडक उन्हाचा दिवस, पाठीवर ओझे, १६ मैलांची वाट. प्रत्येकाजवळ त्याचा ठावठिकाणा दाखविणारे यंत्र दिलेले होते, म्हणजे कोण चालत आहे आणि कोण एका जागी निश्चल पडला आहे हे तळावर बसून पाहता येण्याजोगे होते. तरीही तीन तरुण उष्माघाताच्या परिणामाने दगावले, आणि दोन वर्षांनी मृत्युचौकशीच्या अधिकाऱ्याने या मृत्यूंच्या मुळाशी हयगय होती असा निष्कर्ष नोंदविला. ते तिघे शत्रूच्या मुलखात नव्हते; पाणी आणि सावली त्यांच्यापासून फार लांब नव्हती. थांबणे म्हणजे नापास होणे हे त्यांच्या मनावर इतके ठसले होते की थांबावयाचे ते दुसऱ्या कोणी थांबवावयास हवे होते, आणि तो दुसरा कोणी थांबवावयास आला नाही. या एका गोष्टीचा मला विलक्षण संताप आहे. शिक्षकाने शिष्याची सीमा ओळखणे हे शिक्षणाचे पहिले अंग असते, आणि आपल्याकडे तालमीत उतरणाऱ्या पोरालाही वस्ताद दम किती आहे ते पाहूनच जोर-बैठका सांगतो.

फील्डमार्शल स्लिम यांनी ब्रह्मदेशच्या युद्धावरील आपल्या ‘डिफीट इंटू व्हिक्टरी’ या ग्रंथात विशेष पथकांविषयी जो आक्षेप नोंदविला आहे तो इतक्या वर्षांनंतरही ताजा आहे. चांगली चांगली माणसे वेचून निराळ्या पलटणींत घातली म्हणजे उरलेल्या सैन्याचा कस कमी होतो. आणि त्याहून वाईट असे की, अवघड काम म्हणजे कोणा खास टोपीवाल्याचे काम, आपले नव्हे, अशी समजूत साध्या पलटणीत रुजते. स्लिम यांच्या चौदाव्या सैन्यात मोठा भरणा हिंदी शिपायांचा होता आणि त्यांनी ब्रह्मदेश जिंकला तो याच साध्या पलटणींच्या जोरावर, म्हणून या विषयी बोलण्याचा त्यांचा अधिकार मी कोणाहीपेक्षा मोठा मानतो. ब्रिटनमध्ये आज फौज आक्रसत चालली आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात मरीन्सना किनाऱ्यावर उतरविणारी ‘अल्बियन’ आणि ‘बुलवर्क’ ही दोन्ही जहाजे सेवेतून काढण्याचे जाहीर झाले. खजिना रिता होऊ लागला की प्रत्येक पलटण आपली कैफियत घेऊन सरकारदरबारी उभी राहते, आणि आपण इतरांहून कणखर आहोत हे सिद्ध करणे हा तिच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न होतो. टोप्यांचा वाद अलीकडे अधिक कर्कश झाला असेल तर त्याचे एक कारण या हिशेबाच्या वहीत शोधावे.

ब्रिटिश फौजेतील गुरख्यांचा उल्लेख केल्याविना हा विषय पुरा होत नाही. पोखऱ्याला पाठीवरच्या ‘डोको’त, म्हणजे वेताच्या करंड्यात, २५ किलो वाळू घालून चढणीवर पळणारा नेपाळी मुलगा कोणत्याही टोपीवाल्याच्या तोडीस तोड आहे हे ब्रिटनने सदैव मुक्तकंठाने सांगितले. परंतु १९९७ पूर्वी निवृत्त झालेल्या गुरख्यांना ब्रिटिश शिपायाइतके निवृत्तिवेतन देण्याची वेळ आली तेव्हा तोच कंठ अडखळला, आणि त्या देशात वस्ती करण्याचा हक्कसुद्धा त्यांना २००९ साली लोकमताचा रेटा लागल्यावरच मिळाला.

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागते. पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळे आणि नारायण महाराजांच्या बेटामुळे ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण १९४४ च्या आरंभी मुंबई बंदरात उतरलेल्या कमांडो ब्रिगेडच्या पलटणींचा तळ याच केडगावच्या माळावर पडला होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसेल. त्यांत भूसेनेची पाचवी कमांडो होती आणि रॉयल मरीन्सची ४४ वी. उसाच्या आणि ज्वारीच्या मुलखात राहिलेली ती ब्रिगेड पुढे अराकानच्या किनाऱ्यावर गेली, आणि १९४५ च्या जानेवारीअखेर कंगॉ येथे ‘हिल १७०’ नावाच्या, उंचीने १७० फूट भरणाऱ्या एका झाडीदार टेकाडावर तिने आपली सर्वांत कठीण लढाई दिली. ३१ जानेवारीला पहाटे जपान्यांनी चढाई केली ती ज्या कोपऱ्यावर, तेथे बावीस वर्षांचा लेफ्टनंट जॉर्ज नोलंड आपली चोवीस माणसे घेऊन होता आणि समोर सुमारे तीनशे होते. तो एका खंदकातून दुसऱ्यात धावत, माणसांना धीर देत, मिळेल त्या हत्याराने लढत पडला. त्याच्या उरलेल्या माणसांनी जागा सोडली नाही. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच टेकाडावर एकोणिसाव्या लान्सर्सचे हिंदी रणगाडे होते, आणि लांब काठ्यांना स्फोटके बांधून जपानी त्यांच्यावर तुटून पडले होते.

त्याच कंगॉच्या आसमंतात ५१ वी हिंदी ब्रिगेड लढत होती. तिच्या तिन्ही पलटणींचे नायक हिंदी होते: थिमय्या, सेन आणि कोल्हापूरकडचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. शेजारच्या ‘मेलरोझ’ नावाच्या टेकडीवर पक्क्या खंदकांत बसलेल्या जपान्यांवर जी चढाई झाली तिच्यात थोरातांची दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण संगिनी लावून वर गेली आणि तिने टेकडी घेतली. तिघाही नायकांना डी.एस.ओ. हा मान मिळाला. मेलरोझवर चढलेल्या त्या शिपायांना त्यापूर्वी कोणी डार्टमूरच्या माळावरून ३० मैल चालवून पाहिले नव्हते.